टाचणी, उंबरठा आणि दोन काठ्या

मुलीने दोन वॉकिंग पोल आणून दिले, तेव्हा मी ते महिनाभर दारामागे उभे करून ठेवले होते. पार्किन्सन्समुळे पाय मध्येच जमिनीला चिकटतो हे खरं, पण हातात एक काठी म्हणजे म्हातारपण आणि दोन म्हणजे फडके रोडवर हसं, असं वाटायचं.

आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, म्हणून म्हटलं याचाही इतिहास बघू.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या कंपवातावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्ण फक्त सहा, आणि त्यातले काही तर त्याला रस्त्यातच दिसलेले. म्हणजे हा रोग ओळखला गेला तो रस्त्यावर, माणसांच्या चालण्यावरून. सहावा रुग्ण बहात्तर वर्षांचा, माझ्याच वयाचा. वाटेत खडा दिसला तरी तो धास्तावायचा. खोलीत टाचणी पडलेली असली तरी ती ओलांडणं याला अवघड वाटेल, असं त्याच्या बायकोने डॉक्टरला सांगितलं होतं. हे मी हिला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "अहो, म्हणजे आपला न्हाणीघराचा उंबरठाच की!"

त्या गृहस्थांना औषध नव्हतं. लेव्होडोपा हे औषध 1960 च्या दशकात आलं. तेच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांतून मद्रासच्या दोन संशोधकांनी 1937 सालीच वेगळं काढलं होतं. पण गोळीने शरीर मोकळं झालं तरी चालण्याचा सराव आपला आपणच करावा लागतो.

काठ्या आल्या फिनलंडहून. तिथले स्की करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसला की काठ्या घेऊन सराव करत. 1997 च्या सुमारास सामान्य माणसांसाठी खास काठ्या निघाल्या. पुढे जर्मन संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना सहा महिने व्यायाम देऊन पाहिला. 2011 साली त्यांनी लिहिलं, की नुसतं चालणाऱ्यांपेक्षा काठ्या घेऊन चालणाऱ्यांचं पाऊल अधिक लांब पडू लागलं आणि तोलही जास्त सुधारला.

कारण साधं आहे. या रोगात चालताना हात हलेनासे होतात, पाऊल आखूड होतं. उजव्या पायाबरोबर डावी काठी टाकली की हात हलतोच, शिवाय ठेका मिळतो. वारकरी मैलोन् मैल टाळाच्या ठेक्यावर चालतात, तसंच हे. मात्र काठ्या पायात अडकूही शकतात, तेव्हा आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. मीही तसंच केलं.

आता सकाळी नेहरू मैदानावर जातो. पाय चिकटला की थांबतो, तोल सावरतो आणि पीटीच्या तासाला मुलांना म्हणायचो तसं स्वतःलाच म्हणतो, "डावा, उजवा, डावा!"

हसणारे हसतात. असो. टाचणीपाशी अडलेल्या त्या गृहस्थांना अशा काठ्या मिळायला हव्या होत्या, असं मात्र रोज वाटतं.