१९९६ : एक जपानी काढा आणि मुंबईची कुटकी

मार्च १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांना तातडीचा इशारा दिला. ‘शो-साइको-तो’ हे कांपो परंपरेतील औषध घेणाऱ्या ८८ रुग्णांना फुप्फुसांचा गंभीर दाह झाला होता. त्यांपैकी १० दगावले होते.

औषध नवे नव्हते. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात त्याचा पाठ आहे. घटक सात, त्यांतले आले आणि ज्येष्ठमध तर आपल्याही घरातले. १९७६ मध्ये अनेक कांपो औषधे जपानी आरोग्य विम्यात आली आणि जुनाट यकृतदाहावर हा काढा सर्रास दिला जाऊ लागला. त्यामागे निव्वळ श्रद्धा नव्हती. यकृताला वारंवार इजा झाली की त्यातील ताराकृती पेशी कोलॅजन निर्माण करू लागतात, मऊ अवयवात तंतूंचे जाळे दाटते आणि अखेर सिऱ्होसिस होतो. काढ्यातील काही द्रव्ये या पेशींना आवर घालतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. ओसाका येथे सिऱ्होसिसच्या २६० रुग्णांवर पाच वर्षे अभ्यास झाला. त्यात कर्करोगाचे प्रमाण घटण्याकडे कल आढळला. पुढे मात्र सिऱ्होसिसच्याच रुग्णांना हे औषध निषिद्ध ठरले.

योगायोग असा, की त्याच १९९६ मध्ये मुंबईच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांचा कुटकीवरील निबंध प्रसिद्ध झाला. कुटकी हे हिमालयातील अतिशय कडू मूळ. आरोग्यवर्धिनीत वजनाने सर्वांत मोठा वाटा तिचाच; पण त्या गोळीत पारा आणि ताम्रभस्मही असते, म्हणून एकट्या कुटकीची परीक्षा घेणे शहाणपणाचे होते. तीव्र विषाणूजन्य काविळीच्या १५ रुग्णांना तिचे चूर्ण, ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिले गेले. १८ जणांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. अशी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते (गावोगावच्या काविळीच्या औषधांची कीर्ती बरीचशी यावरच उभी आहे), त्यामुळे या तुलनेवाचून काहीच सिद्ध झाले नसते. बिलिरुबिन ठरावीक पातळीपर्यंत उतरण्यास निष्क्रिय गटात सरासरी ७५.९ दिवस लागले, कुटकी गटात २७.४.

फरक लक्षणीय आहे. पण रुग्ण अवघे ३३, आणि यकृतातील तंतूंविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही. हजारांत एखाद्यालाच होणारी इजा इतक्या लहान गटात दिसणेही अशक्य. जपानमध्ये ती दिसली, कारण काढा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिला जात होता आणि रुग्ण आजारी पडला की मंत्रालयाकडे नोंद पोहोचत होती. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात सुरू झाला तो २००८ मध्ये.