‘लाईन’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचे किती अर्थ!

मूर्तिजापुरात कुणी “लाईन कधी सुरू होणार?” असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी थोडं थांबा. रात्रीची वेळ असेल आणि घरात अंधार असेल, तर प्रश्न विजेचा आहे. पण स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्या आजोबांनी विचारलं, तर ते बहुधा ‘शकुंतला’बद्दल बोलत असतात.

हा इंग्रजी शब्द आला लॅटिनमधल्या ‘लिनिया’वरून, म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणतात. होय, आपण ज्याची चटणी भाकरीसोबत खातो तेच जवस! त्याच्या खोडातल्या धाग्यापासून लिनन कापड बनतं. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते; गवंडी आजही तेच करतो. पुढे रांग, रूळ, तार, सीमा असे अर्थ या शब्दाला जोडले गेले.

मूर्तिजापूर हे जंक्शन. मुंबई-नागपूर-हावडा ही ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन. रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. इथूनच एक फाटा अचलपूरकडे आणि दुसरा यवतमाळकडे जातो. ही शकुंतलेची नॅरोगेज, छोटी लाईन; अंतर फक्त 762 मिलिमीटर. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने ती टाकली. 1994 पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन धावायचं. आता दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद आहे आणि ब्रॉडगेजची मागणी जुनी झाली आहे.

‘लाईन क्लिअर’ हाही रेल्वेचाच शब्द. पुढच्या स्टेशनाने गाडी घ्यायला दिलेली परवानगी, असा त्याचा अर्थ. आपण मात्र लग्नाची बोलणी जमली तरी लाईन क्लिअर म्हणतो!

बाकी उपयोग तुम्हाला माहीतच आहेत. रेशनची लाईन, पोलीस लाईन, खांबावर चढणारा लाईनमन. धंदा बदलला की ‘लाईन बदलली’, पोरगा सुधारला की ‘लाईनीवर आला’. ‘लाईन मारणे’ इंग्रजांना कळणारही नाही, ते आपलं देशी उत्पादन. ‘डेडलाईन’चा इतिहास मात्र भयानक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, कैद्यांच्या छावणीत एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. ऑफिसातली डेडलाईन त्यामानाने बरी.

आता इतक्या अर्थांत गोंधळ का होत नाही? कारण मराठीत नाम एकच राहतं आणि खरं काम क्रियापद करतं: लाईन ‘गेली’ म्हणजे वीज, ‘लावली’ म्हणजे रांग, ‘टाकली’ म्हणजे रूळ किंवा तार. फक्त ‘सुरू होणे’ या क्रियापदाने मूर्तिजापूरकरांची पंचाईत केली आहे. वीज निदान तासाभराने येते.