परभणी जिल्ह्यातील पाणी: निवळीपासून विद्युत ऑक्सिडीकरणापर्यंत

परभणी जिल्ह्यात पाणी स्वच्छ करण्याच्या रीती काळानुसार बदलल्या, कारण पाण्यातल्या कोणत्या घाणीला भ्यायचे हेही बदलत गेले. आधी गाळाचे भय होते, मग नारू या कृमीचे, त्यानंतर रोगजंतूंचे. आता विरघळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे आहे.

गाळ सर्वात जुना. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या जिल्ह्याच्या नद्या काळ्या मातीतून वाहतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यांचे पाणी चहासारखे होते. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाणी तासन्‌तास ठेवले तरी गढूळच राहते. भांड्यात तुरटी फिरवली की ॲल्युमिनियमचे धनभारित आयन तो भार उतरवतात, कण एकत्र येऊन तळाशी बसतात. निवळी नावाच्या झाडाची बी भांड्याच्या आतल्या बाजूला घासण्याची रीतही फार जुनी. ‘निवळणे’ हे क्रियापद आणि त्या बीचे नाव एकाच मुळाचे आहेत, आणि भाषेत इतके खोल रुजलेले तंत्र क्षुल्लक मानता येत नाही.

साठवणीची सोय बारवांनी केली. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या बारवा ही त्यांची उत्तम उदाहरणे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तरी माणूस पायऱ्यांनी त्याच्यापर्यंत पोहोचतो, हा त्यांचा गुण. मात्र नारूच्या प्रसारालाही तोच गुण कारण ठरला. नारूची मादी माणसाच्या पायावर फोड करून बाहेर येते. असा पाय पाण्यात बुडाला की अळ्या सुटतात, सायक्लॉप्स नावाचे पाणपिसू त्या गिळतात, आणि तेच पाणी पुढचा माणूस पितो. घागर भरायला पाण्यात उतरावे लागते अशी कोणतीही विहीर या साखळीला सोयीची होती. उपाय त्या मानाने साधे होते: दुहेरी कापडातून पाणी गाळणे, टेमेफॉस टाकून पाणपिसू मारणे, पायऱ्या बंद करून रहाटाने किंवा पंपाने पाणी काढणे. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात महाराष्ट्र बाधित राज्यांपैकी एक होते. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. एका कापडाच्या घडीने रोगनिवारणाचा एवढा मोठा वाटा उचलावा, ही आरोग्याच्या इतिहासातील थोर गोष्ट आहे.

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर खोदण्याला वेग आला. बेसॉल्ट खडकात खोलवर गेलेल्या बोअरवर हातपंप बसले. देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क २’ पंपाच्या पूर्वजांमध्ये शेजारच्या जालन्याच्या पंपाचाही समावेश होतो. बंद पाण्याचा स्रोत मिळाल्यावर नारूची वाट आपोआप अरुंद झाली.

रोगजंतूंवरचा उपाय गोणीतून आला. ग्रामपंचायतींत त्याला ‘टीसीएल’ म्हणतात, म्हणजे विरंजक चूर्ण. हजार लिटर पाण्याला सुमारे ५ ग्रॅम चूर्ण, अर्धा ते एक तास थांबणे, मग ‘ओटी टेस्ट’: नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. गावाच्या पाण्याची जोखीम लाल, पिवळ्या, हिरव्या कार्डांनी दाखवण्याची पद्धतही याच व्यवस्थेची.

टीसीएलचे मूळ बहुधा लक्षात घेतले जात नाही. कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की धनाग्रावर (ॲनोडवर) क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन गमावतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि क्लोरीन वायू सुटतो. तो विझवलेल्या चुन्यावर सोडला की टीसीएल तयार होते. म्हणजे गावच्या टाकीत पडणारे ते पांढरे चूर्ण दूरच्या धनाग्रावर आधीच घडून गेलेल्या विद्युत ऑक्सिडीकरणाचे फळ आहे. मीठ आणि वीज वापरून टाकीपाशीच हायपोक्लोराइट बनवणारे छोटे संच हेच काम जागेवर करतात. चूर्ण ओलसर हवेत शक्ती गमावते. संचाला ती अडचण नाही, पण सलग वीज हवी.

क्लोरीनची मर्यादा चौथ्या प्रकारच्या घाणीपुढे दिसते. १९७६ मध्ये कार्यान्वित झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याने परभणीच्या शेतात पाणी आणले, पाठोपाठ ऊस वाढला आणि साखर कारखाने आले. जिथे मळीपासून अल्कोहोल बनते तिथे दर लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी उरते. त्याला ‘स्पेंट वॉश’ म्हणतात. त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सीओडी, लिटरला साधारण १ लाख मिलिग्रॅम असते आणि रंग देणारी मेलॅनॉइडिन द्रव्ये जिवाणूंना सहज पचत नाहीत. अशा पाण्यात क्लोरीन टाकले तर सेंद्रिय पदार्थ अर्धवट तुटतात, आणि क्लोरोफॉर्मसारखी नवी, नकोशी संयुगे बनतात.

इथे धनाग्राचे दुसरे रूप उपयोगी पडते. ही कल्पना जुनी आहे. १८४९ मध्ये हेर्मान कोल्बे यांनी सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचे विद्युत अपघटन केले, तर १८८९च्या सुमारास विल्यम वेबस्टर यांनी लंडनच्या क्रॉसनेस येथे मैलापाण्यावर विद्युत प्रक्रियेचे प्रयोग केले. व्यवहार्य इलेक्ट्रोड मिळायला मात्र १९६०चे दशक उजाडले. तेव्हा हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिला. १९९० च्या दशकात लोझानचे क्रिस्तोस कॉमनिनेलिस यांनी धनाग्रांचे दोन वर्ग वेगळे केले. काही धनाग्रे पाण्यापासून बनणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांना आपल्या पृष्ठभागात बांधतात, काही त्यांना सैल सोडतात. सैल मूलक, उदाहरणार्थ बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या पातळ थरावर तयार होणारे, २.८ व्होल्टच्या ऑक्सिडीकरण क्षमतेचे असतात, क्लोरीनची क्षमता १.३६. ते सेंद्रिय रेणू पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत जाळतात. पाण्यात मीठ असेल तर सोबत क्लोरीनही बनते आणि क्लोरेट, परक्लोरेट यांचा धोका वाढतो. म्हणून क्लोराइडचे प्रमाण आधी तपासणे आवश्यक असते.

खर्चाचा हिशेब फॅरडेच्या नियमावरून काढता येतो. १ किलो सीओडी जाळायला किमान ३,३५० अँपिअर-तास लागतात. ५ व्होल्टवर हे सुमारे १७ युनिट. एका लिटर अल्कोहोलमागच्या १० लिटर स्पेंट वॉशमध्ये १ किलो सीओडी असतो, म्हणजे लिटरभर अल्कोहोलसाठी १७ युनिट, तेही एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर. प्रत्यक्षात बरेच वाया जातात. त्यामुळे कच्च्या स्पेंट वॉशवर ही पद्धत वापरणे परवडत नाही. आधी हवारहित टाकीत जिवाणूंकडून मिथेन काढून घेतला, की सीओडीचा मोठा भाग गॅसरूपाने इंधन म्हणून परत मिळतो. उरलेला रंग आणि न पचणारा अंश काढायला विद्युत ऑक्सिडीकरण सुसंगत ठरते. व्यवहारात राज्यातील बहुतेक आसवन्या मिथेन काढून उरलेले पाणी आटवतात, बॉयलरमध्ये जाळतात किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमड नावाच्या गाळासोबत त्याचे खत करतात.

कपाशीवर फवारलेल्या कीटकनाशकांचे अवशेष, रंगद्रव्ये, औषधी कारखान्यांचे सांडपाणी अशा कमी प्रमाणातील पण चिवट प्रदूषकांसाठी हिऱ्याच्या धनाग्राला खरा वाव आहे. अशा पाण्यात जाळायचा सीओडी कमी असतो, त्यामुळे विजेचे बिल आवाक्यात राहते. किंमत वाढते ती इलेक्ट्रोडची.