हिल्लेलच्या शाखा कशा वाढल्या

शाखा काढणे सोपे, टिकवणे कठीण. ज्यांनी मशिदीच्या कमिट्या आणि मंडळे चालवली आहेत त्यांना हे सांगायला नको. म्हणून ज्यू विद्यार्थ्यांच्या एका संघटनेचा इतिहास आपण पाहू.

१९२३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ज्यू मुले शिकत होती, पण आपल्या धर्मग्रंथांची त्यांना ओळख नव्हती. ही उणीव बोलून दाखवली ती एका ख्रिस्ती प्राध्यापकाने. त्यांचे नाव एडवर्ड बाल्डविन. ते बायबलचे साहित्य शिकवीत. आपल्याला यात नवल वाटू नये. मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले होते. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या पूर्वजांनी हिब्रू घेतली आणि धर्म राखला.

इलिनॉयमध्ये काम उभे केले तरुण रब्बी बेंजामिन फ्रँकेल यांनी. नाव दिले हिल्लेलचे. हा हिल्लेल गरीब मजूर. दारवानाला द्यायला पैसे नव्हते, तेव्हा तो छपरावर चढून झरोक्यातून धडा ऐकत राहिला आणि बर्फाखाली गाडला गेला, ही तल्मुदातील कथा आपण मुलांना सांगत आलो आहोत.

फ्रँकेल यांनी दोन गोष्टी ओळखल्या. पहिली, शाखेचे दार प्रत्येक ज्यू मुलाला उघडे हवे, मग तो कोणत्याही पंथाचा असो. दुसरी, विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. म्हणून खर्च आणि जबाबदारी मोठ्यांनी उचलावी. १८४३ साली स्थापन झालेल्या बनेई ब्रिथ या संस्थेने तो भार घेतला. १९२४ मध्ये विस्कॉन्सिनला दुसरी शाखा निघाली, पुढे ओहायो आणि मिशिगनला.

१९२७ मध्ये फ्रँकेल ऐन तारुण्यात वारले. काम एका माणसावरच उभे असते तर तेथेच संपले असते. पण १९३३ ते १९४७ इतिहासाचे प्राध्यापक अब्राम सॅकर यांनी धुरा वाहिली आणि शाखा वाढतच गेल्या. हिटलरच्या काळात युरोपातून निसटलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकता यावे म्हणून हिल्लेलने मदतही केली.

आपल्याकडेही असेच घडले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. ती टिकली, कारण मागून देणारे हात आले. त्यांतील एकाचे, सर एली कदूरींचे, नाव पुढे शाळेला मिळाले.

आज आपली नातवंडे बेअर शेवा, हैफा, जेरुसलेम येथे शिकतात. मलिदा त्यांना आवडतो. तो का करतात हे किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक गावी मंडळाने एक खोली, महिन्याचा थोडा खर्च आणि एक जबाबदार माणूस द्यावा. कार्यक्रम मुलांनी ठरवावेत, हिब्रूतच बोलावे. आपण फक्त दारवान व्हावे, आणि पैसे मागू नयेत.