टाकी न उघडता आत बघायचं कसं?

आज थोडा विजेचा इतिहास. टाकीत खाली खारं पाणी, वर तेल. मधली सीमा बाहेरून कशी कळणार? खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, तेलातून जवळजवळ नाहीच. म्हणून टाकीच्या आतल्या कडेने इलेक्ट्रोड बसवायचे, दोघांतून करंट सोडायचा, बाकीच्यांवर व्होल्टेज मोजायचं, जोड्या बदलत राहायचं. चित्र कॉम्प्युटर काढतो. १९८०च्या दशकात शेफील्डच्या बार्बर आणि ब्राउन यांनी अशीच माणसाच्या शरीराची चित्रं काढली.

पण मूळ कल्पना जमिनीतली! फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जेने १९१२ साली नॉर्मंडीत जमिनीत करंट सोडून व्होल्टेजचे नकाशे काढले. आमच्या दुष्काळी म्हसवडकडे बोअरची जागा बघायची रेझिस्टिव्हिटी मशीन त्याच घराण्यातली. ओला मुरूम कमी रोध दाखवतो, कोरडा काळा पाषाण जास्त.

मेख अशी, की एकाच मोजमापातून अनेक चित्रं निघू शकतात. चिकणमातीसुद्धा पाण्यासारखी भासते. टाकीची झाकण उघडून खात्री करता येते. माणातल्या शेतकऱ्याची खात्री कर्ज काढून बोअर मारल्यावरच होते. म्हणून मशीनवाल्याला एवढं तरी विचारा, ‘आसपासच्या विहिरींशी आकडे ताडून बघितले का?’