अज्झत्त आणि बहिद्धा : अपरान्तातील स्मृतिसाधनेचा इतिहास

शीळफाट्यावर आज चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. एक मुंब्र्यावरून ठाण्याकडे, दुसरा कल्याणकडे, तिसरा महाप्याकडे आणि चौथा पनवेलकडे जातो. या परिसरातील विहारांतून वंदनेनंतर ध्यानाला बसणारे उपासक-उपासिका आहेत, तसेच या ध्यानाविषयी शंका उपस्थित करणारे कार्यकर्तेही आहेत. त्यांच्या शंका दोन. ध्यानाला ‘आध्यात्मिक’ साधना म्हटले जाते. मग आत्मा नाकारणाऱ्या धम्मात अध्यात्माला स्थान कोठले? आणि डोळे मिटून बसल्याने समाजातील अन्याय दूर होतो काय? या शंका गंभीर आहेत. त्यांचे उत्तर पाली साहित्यात आहे, आणि याच प्रदेशाच्या प्राचीन इतिहासातही आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’. आठवण हा तिचा मूळ अर्थ. साधनेच्या संदर्भात मात्र तिचा अर्थ समोर घडत असलेल्या गोष्टीचे अखंड भान असा होतो. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी तिच्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द योजला आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. आता ‘अध्यात्म’ हा शब्द पाहू. त्याचे पाली रूप ‘अज्झत्त’ असे आहे. सतिपट्ठान सुत्तात ते वारंवार येते, परंतु तेथे त्याचा आत्मतत्त्वाशी काहीही संबंध नाही. ‘अज्झत्त’ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेले. त्याच्या जोडीला ‘बहिद्धा’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ बाहेरचे, इतरांच्या ठायी असलेले. काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारही विषयांचे निरीक्षण साधकाने आपल्या ठायी, इतरांच्या ठायी आणि दोन्हींच्या ठायी करावे, असा तेथे उपदेश आहे. बौद्ध अर्थाने अध्यात्म एवढेच, आणि ते एकट्याने पुरे होत नाही.

या उपदेशाचा एक अत्यंत संक्षिप्त आविष्कार आपल्याच ठाणे-वसई पट्ट्यातील एका माणसाच्या निमित्ताने झाला. उदान ग्रंथात बाहिय दारुचीरिय याची कथा आहे. तो सुप्पारक येथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळ, समुद्रकाठी वल्कले नेसून राहत असे. लोक त्याला मान देत, आणि आपण अर्हत झालो असे त्यालाही वाटू लागले होते. हा भ्रम दूर होताच तो थेट श्रावस्तीला निघाला आणि भिक्षाटन करीत असलेल्या तथागतांना त्याने तीनदा विनवले. त्याला मिळालेल्या उपदेशाचा आशय असा : पाहिले त्यात पाहण्यापलीकडचे काही मिसळू नये, ऐकले त्यात ऐकण्यापलीकडचे काही मिसळू नये; असे झाले म्हणजे ‘मी’ला उभे राहण्यास जागा उरत नाही. येथे मंत्र नाही, दीक्षेचा विधी नाही, आत्म्याचे दर्शनही नाही. अहंकाराचा निरास हेच या साधनेचे शिखर आहे. शीघ्र बोध झालेल्या श्रावकांत भगवंतांनी बाहियाला अग्रस्थान दिले.

दुसरे उदाहरण पुण्ण थेरांचे. थेरगाथेची अट्ठकथा त्यांचा जन्म सुनापरान्तातील सुप्पारक बंदरी झाल्याचे सांगते. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात त्यांना मिळालेला उपदेशही डोळा आणि रूप, कान आणि शब्द अशा इंद्रियानुभवांविषयीचाच आहे. तो घेऊन ते सुनापरान्ताला परत निघतात. तेथील लोक उग्र स्वभावाचे. ते शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, अशी शक्यता भगवंत एकेक करून त्यांच्यापुढे मांडतात. पुण्ण विचलित होत नाहीत. परंतु सुत्त येथे थांबत नाही. पुण्ण त्या लोकांत जाऊन राहिले आणि एका वर्षावासातच त्यांनी पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्या. स्मृतीने त्यांना समाजापासून दूर नेले नाही. जो समाज कठीण होता त्यातच काम करण्याचे बळ दिले.

संयुत्त निकायातील सेदक सुत्त हीच गोष्ट दृष्टान्ताने सांगते. बांबूवर कसरत करणारा गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, प्रत्येकाने आपापला तोल सांभाळावा. भगवंत शिष्याची बाजू घेतात, आणि पुढे सांगतात की स्वतःचे रक्षण करणारा इतरांचेही रक्षण करतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी इतरांचे रक्षण करणारा स्वतःचेही रक्षण करतो. या गुरूला पालीत ‘चण्डालवंसिक’ म्हटले आहे. सतिपट्ठानाचे मर्म सांगण्यासाठी दृष्टान्त निवडला तो समाजाने हीन लेखलेल्या कष्टकऱ्याच्या जीवनातून, हे वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

शिलालेखांतूनही हेच दिसते. सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. निरर्थक मंगलविधींपेक्षा दास व सेवकांशी योग्य वर्तन श्रेष्ठ, असे तो लेख सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या एकान्तासाठी कोरलेल्या खोल्या आणि दगडी ओटे आहेत, परंतु हा एकान्त उभा राहिला तो गावोगावच्या दात्यांच्या दानावर. तेथील लेखांत कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाकीची आणि कल्याणच्याच लोहाराने दिलेल्या पायवाटेची नोंद आहे. ध्यान करणारा भिक्षू आणि भट्टीपुढे घाम गाळणारा लोहार हे एकाच संघजीवनाचे भागीदार होते.

आधुनिक काळात ही साधना ब्रह्मदेशाच्या मार्गाने पुन्हा महाराष्ट्रात आली. सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. १९७९ साली अमेरिकेत ‘माइंडफुलनेस’ रुग्णालयात पोहोचली, आणि त्यानंतर कचेऱ्यांतही. तिने वेदना व ताण कमी होत असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र कर्मचाऱ्याने अपमान शांतपणे सोसावा म्हणून ती शिकवली जात असेल, तर तेथे ‘बहिद्धा’ गळून पडलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती व दुष्ट विकारांवरील पहारा असा लावला आहे. जागृती हा शब्द आपल्या चळवळीला परका नाही. जातीचा अहंकार आणि जातीने रुजवलेला न्यूनगंड हे दोन्ही मनातच ठाण मांडून बसतात. कायद्याने जात नाकारली तरी त्यांना हुडकून काढण्याचे काम प्रत्येकालाच करावे लागते. ते ‘अज्झत्त’ काम आहे. ज्या व्यवस्थेने हे विकार निर्माण केले तिच्याकडे तितक्याच स्वच्छ दृष्टीने पाहणे हे ‘बहिद्धा’ काम आहे. सुत्ताने ही दोन्ही कामे एकाच साधकावर सोपविली आहेत.