कच्च्या फिल्मचा हिशेब

आपल्या बडोद्याच्या मराठी माणसाला दादासाहेब फाळके परके नाहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते १८९० मध्ये येथील कलाभवनात आले. छायाचित्रणाचे धडेही त्यांनी येथेच गिरवले. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्यासाठी लागलेली कच्ची फिल्म आली कुठून आणि तिची किंमत कोणी मोजली, याविषयी फारसे बोलले जात नाही.

त्या काळी कच्ची फिल्म आपल्या देशात बनत नव्हती. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे त्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांचीही मागणी नोंदवली. मे महिन्यात हे सामान मुंबईत पोहोचले.

हे यंत्र लागण्याचे कारण असे, की फिल्म कडांना छिद्रे न पाडताच येत असे. छिद्रांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही. आणि हे काम करायचे अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया! दादरच्या घरी हे काम केले सरस्वतीबाई फाळके यांनी.

कार्यालयात भांडाराची नोंदवही लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला येथे आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. एका फुटात १६ चित्रे आणि प्रत्येक चित्रामागे एका कडेला ४ छिद्रे, म्हणजे फुटाला ६४. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे एकाच कडेची छिद्रे झाली २,३६,८००! दुसऱ्या कडेला तेवढीच. शिवाय निगेटिव्हवरून पडद्यावर दाखवायची प्रत काढायला पुन्हा तितकीच फिल्म लागे. बाईंनी फिल्म धुण्याची रसायनेही कालवली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला.

पैसा तर लवकरच संपला. तेव्हा भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार केली. त्या काळच्या वेगाने मिनिटाला साठेक फूट फिल्म पुरे. एवढ्याशा फिल्मने कर्जाची वाट मोकळी झाली, पण बाईंचे दागिनेही गहाण पडले. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

फिल्मचे परावलंबन मात्र सरले नाही. दुसऱ्या महायुद्धात आयात घटली, तेव्हा सरकारने १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. फिल्म जपून वापरणे ही निर्मात्यांची कायमचीच गरज होती. उटीच्या सरकारी कारखान्यात फिल्मचे उत्पादन सुरू झाले ते १९६० च्या दशकात.

आज मोबाईलवर आपण मिरवणुकीचे तासभर चित्रण सहज करतो. नको असलेले पुसून टाकतो. फाळक्यांच्या घरी प्रत्येक फुटाला पैसा पडत होता, आणि त्याआधी बाईंची मेहनत. चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान दादासाहेबांच्या नावाने दिला जातो, ते योग्यच आहे. मात्र खर्चाची बाजू मांडताना सरस्वतीबाईंचे नाव पहिल्या ओळीत यायला हवे.